फिरत्या रंगमंचाची वाद्ये : पायपेटीपासून मॉड्युलर सिंथेसायझरपर्यंत टिकाऊपणाचा इतिहास

प्रास्ताविक

वाद्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे प्रामुख्याने दोन बाजूंचा विचार होतो. एक बाजू वाद्याच्या नादाची आणि दुसरी ते वाजविणाऱ्या कलावंताची. वाद्य एका गावाहून दुसऱ्या गावी कसे गेले, वाटेत त्याचे काय झाले, बिघडल्यावर ते कोणी आणि कशाने दुरुस्त केले, या प्रश्नांना या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. वास्तविक महाराष्ट्राची गेल्या पावणेदोनशे वर्षांची रंगभूमी ही मुख्यतः फिरती रंगभूमी आहे. नाटक मंडळी, तमाशाचे फड, मेळे, वाद्यवृंद या सर्वांचे जीवन दौऱ्यावर अवलंबून होते. अशा रंगभूमीवर कोणते वाद्य राहणार आणि कोणते मागे पडणार, याचा निर्णय केवळ रसिकांच्या कानांनी केला नाही. त्यात रस्त्याचाही वाटा होता.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने पायपेटी, हातपेटी, विद्युत् वाद्ये आणि शेवटी मॉड्युलर सिंथेसायझर यांचा क्रमाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. सुट्या घटकांचा सिंथेसायझर संच दौऱ्यासाठी टिकाऊ कसा बांधावा, हा प्रश्न आजच्या तरुण वादकांपुढे आहे. तो वरवर पाहता तांत्रिक आणि परदेशी वाटतो. परंतु त्याची उत्तरे शोधताना आपल्या फिरत्या रंगभूमीचा अनुभव उपयोगी पडतो, आणि त्या प्रश्नाच्या प्रकाशात हा जुना अनुभवही अधिक स्पष्ट दिसतो. टिकाऊपणा म्हणजे न मोडण्याचा गुण नव्हे, तर मोडल्यावर पुढच्या मुक्कामाच्या आत पुन्हा उभे राहण्याचा गुण होय, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

लोहमार्ग आणि रस्ता : दोन प्रकारचे दौरे

नाशिक शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर असलेले पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील गाव कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. मुंबई-आग्रा महामार्ग या गावावरून जातो. मुंबई-भुसावळ लोहमार्ग मात्र याच तालुक्यातील निफाड आणि लासलगाव या स्थानकांवरून गेलेला आहे. एकाच तालुक्यातील या दोन वाटा महाराष्ट्रातील फिरत्या रंगभूमीचे दोन प्रकार समजून घेण्यास उपयुक्त ठरतात.

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगली येथील ‘सीतास्वयंवर’ या नाटकापासून मानला जातो. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर भावे यांना गावोगावी फिरावे लागले आणि १८५३ मध्ये त्यांच्या मंडळींनी मुंबईत खेळ केले. म्हणजे दौरा ही मराठी नाटकाने आवडीने स्वीकारलेली गोष्ट नसून आश्रयाचा आधार गेल्यावर पत्करलेली उपजीविका होती. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या युगाची वाढ आणि लोहमार्गाचा विस्तार एकाच काळात झाला, ही बाब लक्षणीय आहे. मोठ्या नाटक मंडळ्या आपले पडदे, पोशाख, नेपथ्य आणि वाद्ये घेऊन रेल्वेने शहरोशहरी जात, एकेका गावी दीर्घ मुक्काम करीत आणि बांधीव नाट्यगृहात खेळ लावीत.

तमाशाचा फड मात्र प्रथम बैलगाडीने आणि पुढे मालमोटारीने, म्हणजे रस्त्याने फिरला. त्याचा मुक्काम बहुधा एका रात्रीचा. रंगमंच उघड्या माळावर किंवा तंबूत. आणि दुसऱ्या दिवशी पुढचे गाव. रेल्वेच्या दौऱ्यात वाद्याला आठवडाभर स्थिर राहता येत होते. रस्त्याच्या दौऱ्यात मात्र ते रोज उतरविले आणि रोज चढविले जाई. वाद्यांच्या निवडीत जो फरक पडला, त्याचे एक कारण या वेगवेगळ्या वेळापत्रकांत आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. संगीत नाटकाला पायाने भाता मारण्याचा भारदस्त ऑर्गन परवडला. फडाने ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि फार तर हातपेटी एवढाच संसार ठेवला.

पेटी का टिकली?

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. फ्रान्समधील अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे आणि घरात एका जागी ठेवण्याचे वाद्य होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताने भाता मारण्याचे, जमिनीवर बसून वाजविण्याचे सुटसुटीत रूप दिले. या बदलाकडे भारतीय बैठकीशी केलेली तडजोड म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे, परंतु त्याचबरोबर हा दौऱ्यासाठी केलेला बदलही होता. पायांची चौकट, दांडे आणि पावड्या गेल्या. उरली ती एका माणसाने उचलावी अशी लाकडी पेटी, जिचे झाकण हेच तिचे वेष्टन होते.

महाराष्ट्रात या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांचे नाव अग्रभागी आहे. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचे होते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांतही ते होते. पुढे या मंडळीच्या साथीत ऑर्गनचा भरघोस स्वर आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला यांचा मेळ जमला. बालगंधर्वांच्या गायनाच्या आठवणींत ऑर्गनला जे स्थान आहे, ते रेल्वेच्या दौऱ्याच्या काळातील वाद्यव्यवस्थेचेच द्योतक होय.

पेटी टिकली याची कारणे तिच्या रचनेत आहेत. तंबोऱ्याचा भोपळा धक्क्याने फुटतो आणि हवेतील ओलाव्याने त्याच्या तारा उतरतात. मिरजेच्या कारागिरांनी तंबोरा व सतार घडविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही तंबोरा घेऊन प्रवास करणे म्हणजे तान्हे मूल घेऊन प्रवास करणे होय, हे प्रत्येक गायक जाणतो. पेटीचा स्वर मात्र पितळी रीडमधून निघतो. तापमान बदलले तरी सर्व रीडांवर जवळपास सारखाच परिणाम होतो, त्यामुळे स्वरांचे परस्परांतील नाते बिघडत नाही. रोज सूर लावावा लागत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पेटी हे सुट्या भागांचे वाद्य आहे. एक रीड बसली तर ती काढून घासता येते किंवा बदलता येते. भात्याचे कातडे फाटले तर ठिगळ लावता येते. पट्टीखालची स्प्रिंग तुटली तर तेवढी नवी बसविता येते. गुजरातेतील पालिताणा हे गाव रीडांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रीड महाराष्ट्रातील कोणत्याही पेटीवाल्याच्या दुकानात मिळावी, अशी ही व्यवस्था होती. वाद्य, त्याचे सुटे भाग आणि ते बसविणारा कारागीर हे तिन्ही एकाच पंचक्रोशीत उपलब्ध असणे, हे पेटीच्या टिकाऊपणाचे खरे रहस्य होय.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. पेटीचे स्वर ठराविक असतात. तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी २२ श्रुतींच्या हार्मोनियमचा पुरस्कार केला होता आणि १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत त्यावर चर्चाही झाली. ते वाद्य अधिक शास्त्रशुद्ध असेल, परंतु ते दौऱ्यावर निघाले नाही. उलट बारा स्वरांची साधी पेटी इतकी सर्वत्र पोहोचली की गायक आपला षड्ज ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशा पेटीच्या पट्ट्यांच्या नावाने सांगू लागले. ज्या वाद्याला नभोवाणीवर मज्जाव होता, त्याच वाद्याने गायकांना स्वराची परिभाषा दिली. येथे प्रवासक्षमतेने शास्त्रावर मात केली, असे दिसून येते.

स्थिर यंत्र आणि फिरते यंत्र

विद्युत् स्वरनिर्मितीच्या इतिहासातही हाच संघर्ष दिसतो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये मॉड्युलर सिंथेसायझर तयार केला. स्वर निर्माण करणारा घटक, त्या स्वराचा रंग बदलणारा गाळणी घटक, आवाजाची चढउतार घडविणारा घटक असे स्वतंत्र भाग एका चौकटीत बसवायचे आणि बाहेरून तारांनी हवे तसे जोडायचे, अशी ही रचना होती. भारतात असा संच फार लवकर आला. अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग संच उभा केला. या उपक्रमामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. १९७२ च्या सुमारास तेथील संगीतनिर्मितीचे काम थांबले. तेथे तयार झालेल्या ध्वनिफिती अनेक दशके कपाटात राहिल्या आणि पॉल पर्गस यांच्या संशोधनामुळे २०२३ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या घटनेचा अर्थ केवळ उपेक्षा असा लावणे पुरेसे नाही. हा संच एका संस्थेच्या एका खोलीत होता. त्याच्याभोवती वाजविणाऱ्यांची पिढी, दुरुस्त करणाऱ्यांचा वर्ग आणि सुट्या भागांचा बाजार निर्माण झाला नाही. ज्या हातपेटीला शास्त्रज्ञांनी नावे ठेवली ती शतकभर गावोगाव फिरली. ज्या संचाला संस्थेचा आधार होता तो थोड्याच वर्षांत मुका झाला. वाद्याचे आयुष्य त्याच्या किमतीवर किंवा गुणवत्तेवर नव्हे, तर त्याच्याभोवती असलेल्या माणसांवर अवलंबून असते, याचा हा पुरावा मानता येईल.

पाश्चात्त्य देशांतही मॉड्युलर संच दौऱ्यावर नेणे अवघडच ठरले. इंग्लंडचे कीथ इमर्सन यांनी १९७० मध्ये आपला कपाटाएवढा मूग संच रंगमंचावर आणला. परंतु दिव्यांच्या उष्णतेने स्वर ढळणे आणि तारांची जोडणी प्रयोगागणिक नव्याने करावी लागणे, या अडचणी होत्याच. म्हणूनच १९७० मध्ये मूग यांच्या कंपनीने मिनीमूग हे वाद्य पुढे आणले. त्यात घटक तेच होते, पण जोडण्या आतल्या आत कायमच्या केलेल्या होत्या आणि सर्व काही एका लाकडी चौकटीत, पट्ट्यांसह बसविलेले होते. पायपेटीची हातपेटी झाली त्याच मार्गाने कपाटाचा मिनीमूग झाला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूग वापरला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन सुटसुटीत यंत्रे एकमेकांना जोडून रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका काढली. १९८३ मध्ये मिडी ही यंत्रांच्या परस्पर संवादाची सामाईक पद्धती आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकत्र वाजविणे सोपे झाले. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा याच काळातला. भोपळ्याचे वाद्य पिशवीत मावू लागले ते तेव्हापासून.

फडाचा ट्रक आणि विद्युत् वाद्ये

तमाशाच्या फडात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड केव्हा शिरले याची एकच तारीख सांगता येणार नाही. परंतु रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ मधला आहे, आणि त्यानंतरच्या दशकांत मोठ्या फडांच्या वाद्यमेळात ढोलकीच्या शेजारी ही यंत्रे दिसू लागली. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतींमुळे त्याचे नाव सर्वदूर गेले. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी येतात. चैत्र-वैशाखात यात्रा एकामागून एक येतात आणि फडाचे ट्रक रात्रीतून रात्रीत गाव बदलतात. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगगडाचा चैत्रोत्सवही याच दिवसांत असतो आणि रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात.

या ट्रकमध्ये केवळ वाद्ये नसतात. रंगमंचाच्या फळ्या, तंबू, दिवे, ध्वनिवर्धक, जनित्र, पेट्या आणि माणसे हे सर्व एकत्र प्रवास करतात. अशा गर्दीत जे वाद्य टिकते त्याच्याकडून तीन अपेक्षा असतात. ते एका माणसाने दहा मिनिटांत मांडता आले पाहिजे; जनित्राच्या अनियमित विजेवर ते चालले पाहिजे; आणि बिघडले तर त्याच्या जागी तालुक्याच्या गावातून दुसरे भाड्याने आणता आले पाहिजे. कीबोर्ड या तिन्ही कसोट्यांना उतरला. तो दुरुस्तीसाठी पेटीइतका सोपा नव्हता, पण त्याच्यासारखा दुसरा मिळणे सोपे होते. दुरुस्तीऐवजी बदली हे टिकाऊपणाचे नवे सूत्र येथे रूढ झाले. या बदलात पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे महत्त्व कमी झाले आणि वाद्ये भाड्याने देणाऱ्याचे वाढले. वाद्याच्या इतिहासातील ही सामाजिक उलथापालथ अभ्यासकांनी पुरेशी नोंदविलेली नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे यात्रा रद्द झाल्या तेव्हा फडांबरोबर हा सारा भाड्याचा व्यवसायही थंडावला, यावरून त्यांचे परस्परावलंबन लक्षात येते.

दौऱ्यासाठी मॉड्युलर संचाची बांधणी

या पार्श्वभूमीवर आजच्या मॉड्युलर संचाकडे वळणे उचित होईल. जर्मनीतील डीटर डोपफर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर ए-१०० ही प्रणाली आणली आणि तिच्यातून युरोरॅक हे सामाईक माप रूढ झाले. या मापात प्रत्येक घटकाच्या पुढच्या पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर असते, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत असते आणि सर्व घटकांना अधिक १२ व उणे १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्यामुळे शेकडो लहानमोठ्या निर्मात्यांचे घटक एकाच चौकटीत बसतात. कपाटाएवढा संच आता एका पेटीत मावतो. मॉड्युलर वाद्य पुन्हा एकदा हातपेटीच्या आकाराला आले आहे.

असा संच मुंबई-आग्रा महामार्गावरून नेऊन एखाद्या गावच्या पटांगणात वाजवायचा, तर त्याच्या बांधणीत कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतील? पहिली गोष्ट पेटीची. या बाबतीत पिंपळगाव परिसरातील द्राक्षांची बांधणी बोधप्रद आहे. द्राक्षाची पेटी जाड पुठ्ठ्याची असली तरी माल सुरक्षित राहतो तो पुठ्ठ्याच्या जाडीमुळे नव्हे, तर आतला घड हलत नाही यामुळे. मालाखाली मऊ गादी असते आणि रिकामी जागा ठेवली जात नाही. सिंथेसायझरच्या पेटीलाही हाच न्याय लागू पडतो. बाहेरची ॲल्युमिनियमची किंवा प्लायवुडची पेटी भक्कम हवीच, पण घटक धातूच्या पट्ट्यांवर चारही कोपऱ्यांच्या स्क्रूंनी घट्ट बसलेले हवेत. सरकत्या नटांपेक्षा आटे पाडलेली सलग पट्टी प्रवासात अधिक विश्वासार्ह ठरते, कारण सुटे नट हादऱ्याने सरकतात. रिकाम्या जागा कोऱ्या पट्ट्यांनी झाकाव्यात. त्यामुळे कांद्याच्या बाजारपेठेची धूळही आत जात नाही. जड घटक आणि वीजपुरवठा पेटीच्या तळाशी, आधाराजवळ असावेत. झाकण लावल्यावर कोणतीही कळ झाकणाला टेकता कामा नये, कारण कळीवर आलेला प्रत्येक धक्का थेट आतील सोल्डरच्या टाक्यावर जातो. सुटे टाके हे प्रवासातील बिघाडांचे मोठे कारण असते.

दुसरी गोष्ट विजेची. प्रत्येक घटक किती विद्युत्प्रवाह घेतो याची बेरीज करून पुरवठा त्याहून किमान चतुर्थांशाने अधिक क्षमतेचा असावा. रंगमंचावर दिवे एकदम लागले की जनित्राचा दाब क्षणभर खाली येतो. तेव्हा ही शिल्लक क्षमता उपयोगी पडते. घटकांना पुरवठा देणाऱ्या चपट्या तारा उलट्या जोडल्या तर घटक जळू शकतो, म्हणून त्यांची लाल कड कोणत्या बाजूला असावी हे प्रत्येक जोडणीपाशी लिहून ठेवणे हिताचे असते. या तारा आत चिकटवून किंवा बांधून ठेवाव्यात. गावाकडील जनित्रावर जमिनीची जोडणी नीट नसेल तर ध्वनिवर्धकातून ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ती रोखण्यासाठी संचाच्या बाहेर जाणाऱ्या स्वरमार्गावर रोहित्राने विलग केलेली पेटी ठेवावी लागते. सुरक्षेची जमीन-तार काढून गुणगुण घालविण्याचा प्रकार मात्र वादकाच्या जिवाशी खेळ असतो, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

तिसरी गोष्ट तापमानाची आहे आणि ती या प्रदेशात विशेष महत्त्वाची आहे. निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा अनेकदा एक अंकी आकड्यावर येतो, तर उन्हाळ्यात तो ४० अंशांच्या आसपास जातो. सिंथेसायझरच्या स्वरनिर्मिती घटकात दाब आणि स्वर यांचे नाते एका ट्रान्झिस्टर जोडीवर अवलंबून असते आणि ते नाते निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. तापमानात १० अंशांचा फरक झाला आणि भरपाईची योजना नसेल, तर हा बदल सुमारे ३.३ टक्के होतो. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर सप्तकामागे सुमारे ४० सेंट इतका स्वर ढळतो. प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटची असते; म्हणजे जवळपास दोन प्रमाणश्रुतींचा फरक पडतो. तो सामान्य श्रोत्यालाही खटकेल. आजच्या चांगल्या घटकांत भरपाईची योजना असते, तरीही कार्यक्रमापूर्वी अर्धा तास संच चालू ठेवून तो त्या जागेच्या तापमानाला आल्यावरच सूर लावणे आवश्यक असते. थंडीतील उघड्या कार्यक्रमात दव पडते. थंड पेटी एकदम उबदार जागेत उघडली तर आत पाणी धरते. म्हणून पेटी बंद ठेवूनच तिला जागेच्या हवेला येऊ द्यावे.

चौथी गोष्ट निवडीची, आणि तीच सर्वांत कठीण होय. अभ्यासिकेतील संच शक्यतांसाठी असतो, दौऱ्यावरील संच कार्यक्रमासाठी असतो. दोन कार्यक्रमांच्या दरम्यान ज्या घटकाला हात लागत नाही तो घरी ठेवावा. अत्यंत महत्त्वाचे काम एकाच घटकावर सोपवू नये. तो बंद पडला तर कार्यक्रम कोणत्या मार्गाने पुढे न्यायचा, हे आधी ठरलेले असावे. जोडणीच्या तारा कामानुसार निरनिराळ्या रंगांच्या असाव्यात आणि मूळ जोडणीचा आराखडा कागदावर काढून झाकणाच्या आत चिकटवावा. सोबत जास्तीच्या तारा, फ्यूज, स्क्रू, सोल्डरचे सामान आणि शक्य असल्यास एक लहान कीबोर्ड असावा. सर्व काही बंद पडले तरी कार्यक्रम बंद पडू नये, ही फडाच्या मालकाची शिकवण येथेही उपयोगी आहे.

सुट्या घटकांचा खरा अर्थ

मॉड्युलर संच सुट्या घटकांचा असल्यामुळे तो आपोआप टिकाऊ ठरेल, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. घटक सुटा आहे म्हणून बिघडलेला काढून नवा बसविता येतो, हे मान्य. पण नवा घटक बर्लिनहून किंवा अमेरिकेहून येणार असेल, सीमाशुल्क भरून आठवड्यांनी हाती पडणार असेल, तर पुढच्या मुक्कामाच्या दृष्टीने त्या सुटेपणाचा काहीच उपयोग नाही. पेटीची रीड पेटीवाल्याच्या दुकानात मिळत होती म्हणून ती सुटी होती. कीबोर्ड भाड्याने मिळत होता म्हणून त्याची बदली शक्य होती. मॉड्युलर घटकाला आपल्याकडे अजून ना पेटीवाला लाभला आहे ना भाड्याचा बाजार. म्हणून या संचाचा टिकाऊपणा आज संपूर्णपणे वादकाच्या खांद्यावर आहे. त्याने वाजविण्याबरोबरच दुरुस्तीही शिकली पाहिजे.

येथे महाविद्यालयांचा संबंध येतो. घटकांच्या मंडलांचे आराखडे अनेक निर्मात्यांनी खुले ठेवलेले आहेत. तंत्रनिकेतनांत आणि विज्ञान महाविद्यालयांत सोल्डरिंग शिकविले जाते, मोजमापाची उपकरणे असतात. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन असा एखादा घटक बांधला, तर स्वराचे शास्त्र आणि दुरुस्तीची कला या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकाच वेळी मिळतील. अहमदाबादच्या संचाचे जे झाले ते टाळायचे असेल, तर यंत्र घेण्यापूर्वी ते जाणणारी माणसे तयार करावी लागतील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. फिरत्या रंगभूमीवर वाद्यांची निवड नादाइतकीच प्रवासाच्या स्वरूपाने ठरली. रेल्वेच्या दौऱ्याला जे चालले ते रस्त्याच्या दौऱ्याला चालले नाही. प्रत्येक टप्प्यावर मोठे, स्थिर यंत्र लहान आणि बंदिस्त झाले, आणि त्या बदल्यात स्वराची काही सूक्ष्मता किंवा जोडणीचे काही स्वातंत्र्य सोडावे लागले. वाद्याचा टिकाऊपणा त्याच्या लाकडात किंवा धातूत नसून वाद्य, सुटा भाग आणि दुरुस्त करणारा यांच्यातील अंतरात असतो. हे अंतर जितके कमी, तितके वाद्य दीर्घायुषी.

या दृष्टीने आपल्या इतिहासलेखनात एक मोठी उणीव आहे. नटांची चरित्रे, गायकांच्या आठवणी आणि नाटकांच्या जाहिराती जपून ठेवल्या गेल्या. परंतु नाटक मंडळींच्या सामानाच्या याद्या, पेटी दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने, फडाचे ट्रक लादणाऱ्या हमालांचे आणि वायरमनचे अनुभव यांची नोंद फारच थोडी झाली. ही माणसे वयोवृद्ध होत आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवड अशा तालुक्यांच्या गावांत पेटीवाले, बॅंडवाले, ध्वनिवर्धक आणि वाद्ये भाड्याने देणारे व्यावसायिक यांच्या मुलाखती घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी सहज हाती घेता येण्यासारखे काम आहे. ते वेळेत झाले तर भावी पिढीला केवळ आपण काय ऐकले एवढेच नव्हे, तर ते ऐकू येण्यासाठी रात्रभर कोण जागे होते, हेही कळू शकेल.